वस्तीतल्या कामाची शिडी

माटुंग्यात भाऊ दाजी मार्गावर महापालिकेच्या एफ-उत्तर विभागाचं कार्यालय आहे. किंग्ज सर्कलच्या झाडांच्या सावलीतल्या जुन्या इमारती, सायन कोळीवाडा, वडाळा आणि अँटॉप हिलच्या दाट वस्त्या हा सगळा पसारा याच वॉर्डात येतो. अँटॉप हिलच्या एखाद्या बाईला शिवणयंत्रासाठी किंवा घरघंटीसाठी अर्ज करायचा असला, की तो कागद बहुधा तीन बायकांच्या हातून जातो. वस्तीतली सेविका किंवा कार्यकर्ती आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक गोळा करते. कुठल्याशा संस्थेची समुदाय संघटक अर्ज भरून घेते आणि बचत गटाचा ठराव जोडते. वॉर्डातल्या समाज विकास अधिकारी तो तपासून पुढे पाठवतात. अधिकारीबाई वेतनश्रेणीत आहेत. संघटकाची नेमणूक प्रकल्प संपेपर्यंत आहे. कार्यकर्तीला मानधन मिळतं.

तिघींचं क्षेत्र एकच आहे, समुदाय विकास. तिघींनी कधी ना कधी प्रशिक्षण घेतलेलं आहे. पंधरा वर्षांनी या तिघी कुठे असतील, असं विचारलं तर पहिलीचं उत्तर सेवा नियमांत सापडतं, दुसरीचं फंडिंगवर अवलंबून असतं आणि तिसरीचं कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. या क्षेत्रातल्या प्रशिक्षणाबद्दल आपल्याकडे चर्चासत्रं पुष्कळ होतात. प्रशिक्षण घेऊन माणूस वर कुठे चढणार, याची चर्चा फार कमी होते. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

समाजकार्यासाठी माणूस शिकवून तयार करावा लागतो, हे मुंबईला लवकर उमगलं होतं. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग सुरू केली आणि पुढे परळच्या गिरणी कामगारांमध्ये तिचं मोठं काम उभं राहिलं. जोशी आले होते गोखल्यांच्या भारत सेवक समाजातून. १९०५ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी करावी लागे, अभ्यास करावा लागे, देश पाहावा लागे. इतकं कसून प्रशिक्षण आज क्वचितच कुणी देत असेल. पण त्यामागे एक गृहीत होतं की माणूस आयुष्यभर जेमतेम निर्वाहवेतनावर राहील. गोखले-जोशींच्या पिढीने ते स्वखुशीने स्वीकारलं. पुढच्या पिढ्यांवर मात्र ते न विचारता लादलं गेलं, आणि ‘सेवा करणाऱ्याने पगाराचं काय विचारायचं’ हा सूर आजही मुलाखतीच्या टेबलावर ऐकू येतो.

दुसरा प्रवाह नागपाड्यातून आला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२७ साली तिथे नेबरहूड हाऊस चालू केलं. वस्तीत काम करताना त्यांना दिसलं, की चांगल्या मनाची माणसं पुष्कळ मिळतात, शिकलेली मिळत नाहीत. त्यातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. भारतातलं समाजकार्याचं हे पहिलं व्यावसायिक विद्यालय. १९४४ मध्ये त्याचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, १९५४ मध्ये ते देवनारला गेलं आणि १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ बनलं. १९५५ साली मुंबईतच निर्मला निकेतनचं समाजकार्य महाविद्यालय निघालं, १९५८ मध्ये नागपुरात मातृ सेवा संघाची संस्था आणि १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था.

हे शिकलेले लोक नोकरीला लागले कुठे? याचं उत्तर मला फार बोलकं वाटतं. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. हळूहळू केईएम, नायर, सायन अशा रुग्णालयांत समाजसेवकांचे विभाग उभे राहिले. १९२४ च्या मुंबई मुलांच्या कायद्याने परिविक्षा अधिकाऱ्याची गरज निर्माण केली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. मुंबईत तेव्हा गिरण्या धडधडत होत्या, त्यामुळे या एका कलमाने पदवीधरांसाठी केवढं दार उघडलं असेल ते सांगायला नको. परळला १९४७ साली श्रमविषयक शिक्षणाची संस्था सुरू झाली. ती आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. १९५३ च्या कायद्यातून कामगार कल्याण मंडळ आणि त्याची केंद्रं आली. शिवणवर्ग, शिशुमंदिर, वाचनालय चालवणाऱ्या माणसांना तिथे पद मिळालं, बढती मिळाली, निवृत्तीनंतरची सोय झाली.

म्हणजे ज्या कामाची कायद्याने किंवा सरकारी आकृतिबंधाने जागा लिहिली, त्या कामात करिअर घडलं. अभ्यासक्रम चांगला होता म्हणून ते घडलं असं म्हणता येत नाही. अभ्यासक्रम सगळ्यांचा तोच होता.

ग्रामीण भागातही हेच दिसतं. २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यातून ग्रामसेवक आला, पुढे विस्तार अधिकारी आणि गटविकास अधिकारी. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ही रचना पक्की झाली. ग्रामसेवक म्हणून लागलेला माणूस विस्तार अधिकारी होऊन निवृत्त होऊ शकतो. शहरातल्या झोपडपट्टीसाठी अशी साखळी कधी उभीच केली गेली नाही.

मग १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप आला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संपाबरोबर गिरणगावातली कल्याणाची जुनी व्यवस्थाही खचत गेली. कल्याण अधिकाऱ्याच्या वाटेने जाणारे विद्यार्थी मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे, म्हणजे कंपन्यांच्या एचआरकडे वळले. वस्तीतल्या कामाचं केंद्र स्वयंसेवी संस्थांकडे सरकलं. १९८४ या एका वर्षात मुंबईत स्पार्क आणि युवा या दोन संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्या संस्थापकांत इथल्या समाजकार्य महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मंडळी होती. त्याच वर्षी टाटा इन्स्टिट्यूटने पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजसेविका बसवायची ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. ती पुढे राज्यभर पसरली याचं कारण सरकारने ती आपल्या महिला व बालविकास विभागाकडे घेतली हे आहे.

संस्थांच्या या लाटेने पुष्कळ चांगली कामं केली. नोकरीचा आकार मात्र बदलला. पद प्रकल्पाला जोडलं गेलं. डोनरचा तीन वर्षांचा प्रकल्प असेल तर माणूस तीन वर्षांचा. फिल्ड वर्कर, को-ऑर्डिनेटर, प्रोग्राम मॅनेजर अशी नावं सगळीकडे सारखी दिसतात, पण एका संस्थेतली दहा वर्षांची सेवा दुसऱ्या संस्थेत कितपत धरली जाईल याचा कसलाही नियम नाही. वर चढायचं तर वस्ती सोडून प्रपोजल लिहिण्याकडे वळावं लागतं. जी बाई लोकांमध्ये उत्तम काम करते, तिला बढती म्हणून लोकांपासून दूर नेऊन लॅपटॉपसमोर बसवायचं, ही या क्षेत्राची मोठी उधळपट्टी आहे.

पैशाच्या नियमांनी यात भर घातली. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणं बंधनकारक झालं. मुंबईत कंपन्यांची मुख्यालयं भरपूर, त्यामुळे सीएसआर विभागांत समाजकार्याच्या पदवीधरांना बऱ्या पगाराच्या नोकऱ्या मिळू लागल्या. त्याच नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, तेव्हा प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली गेली आणि एका संस्थेने दुसऱ्या लहान संस्थेला ही रक्कम पुढे देण्यावर बंदी आली. पैशाचा हिशेब कडक असावा याबद्दल वाद नाही. पण बजेटला कात्री लागते तेव्हा सर्वांत आधी जातं ते कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, हे संस्थांत काम केलेला कुणीही सांगेल.

आता पुन्हा त्या तिसऱ्या बाईकडे, म्हणजे वस्तीतल्या सेविकेकडे येऊ, कारण संख्येने तीच सर्वांत मोठी आहे. माटुंगा स्टेशनच्या पश्चिमेला उतरून सायनच्या दिशेने चालत गेलं की लेबर कॅम्प लागतो आणि पुढे धारावी. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात तिची सुरुवात मेळघाटातल्या धारणीत आणि मुंबईतल्या धारावीत झाली. पन्नास वर्षं झाली. म्हणजे अंगणवाडी सेविकांची दुसरी-तिसरी पिढी इथे काम करते आहे.

तिचं काम जवळून पाहावं. दहा बाय बाराच्या खोलीत अंगणवाडी भरते. मुलांची वजनं, उंची, दंडाचा घेर ती मोजते आणि रजिस्टरात लिहिते. २०२१ पासून तेच सगळं पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपवर भरायचं असतं. त्यासाठी मिळालेले निकृष्ट फोन राज्यातल्या हजारो सेविकांनी त्याच वर्षी सरकारला परत केले होते. पण खरं कौशल्य दिसतं ते दुपारच्या गृहभेटीत. मूल तीव्र कुपोषित आहे. त्याला सायन रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायला हवं, निदान ‘छोटा सायन’ला, म्हणजे धारावीतल्या नागरी आरोग्य केंद्रात दाखवायला हवं. आई घरी पापड लाटते नाहीतर कपड्यांचे धागे कापते. ओपीडीच्या रांगेत उभी राहिली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. सासूला वाटतं, मूल मुळातच बारीक चणीचं आहे. सेविका आईला धाक घालत नाही. आधी सासूकडे पाणी मागते, बसते, शेजारच्या घरातलं मूल कसं सुधारलं ते सांगते, आणि मग म्हणते, ‘उद्या मी येते बरोबर, सकाळी लवकर जाऊ, तुझं काम दुपारी होईल.’ महाविद्यालयात वैयक्तिक समाजकार्य या विषयात जे दोन वर्षं शिकवलं जातं, त्याचा गाभा या अर्ध्या तासात आहे.

या बाईला वर जायला वाट आहे का? कागदावर आहे. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांच्या निम्म्या जागा मदतनिसांमधून आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा सेविकांमधून, पाच वर्षांच्या अनुभवावर आणि इतर अटी पूर्ण केल्यास, बढतीने भरायच्या आहेत. त्या इतर अटींत शिक्षण सर्वांत जड जातं. वीस वर्षांपूर्वी दहावीवर लागलेली सेविका पदवी कधी घेणार? आणि तिचा दर्जा अजून मानधनाचाच आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला. गुजरातमधल्या सेविकांनी ती लढाई लढली होती. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि मानधनवाढीसाठी बेमुदत संपावर जावं लागलं. आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्तीची गोष्ट वेगळी नाही. तिच्यावर गटप्रवर्तक असते, पण तीही कंत्राटीच. पुढची पायरी बांधलेलीच नाही.

बालसखीचं उदाहरण मला या सगळ्या प्रश्नाचं सार वाटतं. ‘प्रथम’ संस्था मुंबईत १९९५ साली सुरू झाली. माधव चव्हाण आणि निर्मला निकेतनमध्ये शिकवणाऱ्या फरिदा लांबे तिच्या संस्थापकांपैकी. महापालिकेच्या शाळांत जी मुलं वाचनात मागे राहिली, त्यांना रोज दोन तास वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी शिकवेल, अशी ही योजना होती. तिला सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळे आणि नंतर वर्षभर मार्गदर्शन. मुंबई आणि वडोदरा इथे या योजनेचं जे मूल्यमापन झालं, ते २००७ साली प्रसिद्ध झालं. त्याच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांच्या शिकण्यात ठळक सुधारणा झाल्याचं त्यात दिसलं. थोडं पण नेमकं प्रशिक्षण आणि सततची सोबत असेल तर वस्तीतली मुलगी केवढं काम करू शकते, याचा हा पुरावाच आहे.

त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी नोंदलेल्या आहेत. बालसखीला महिन्याला ५०० ते ७५० रुपये मिळत, आणि ती सरासरी एक वर्ष टिके. मग लग्न होई किंवा दुसरी नोकरी मिळे. योजनेच्या खर्चाच्या दृष्टीने तो किफायतशीरपणा ठरला. पण त्या मुलींच्या बाजूने पाहिलं तर काय दिसतं? ज्या कामात त्या यशस्वी झाल्या, त्या कामात त्यांना पुढचं वर्ष नव्हतं. त्यांच्यापैकी कितीजणी शिक्षिका झाल्या असत्या, कितीजणी प्रशिक्षक, हा प्रश्न त्या मूल्यमापनाचा विषयच नव्हता. मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो.

या बाबतीत मुंबईतच चांगले धडेही आहेत, आणि ते बहुतेक महाविद्यालयाबाहेरचे आहेत. स्पार्कने भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांबरोबर काम सुरू केलं. १९८५ साली पदपथावरच्या झोपड्या हटवण्याबद्दलच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा पदपथावर राहणाऱ्यांची मोजणी करण्याच्या कामात या बायका उतरल्या. त्यातून महिला मिलन उभं राहिलं. जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासी महासंघाबरोबर त्यांनी एक पद्धत रुजवली. एका वस्तीतल्या बायका दुसऱ्या वस्तीत जाऊन शिकवतात. बचत कशी लिहायची, घराचं मोजमाप कसं घ्यायचं, अधिकाऱ्यासमोर कसं बोलायचं हे त्या स्वतःच्या अनुभवावरून सांगतात. नंतर याच बायका परदेशातल्या वस्त्यांमध्येही शिकवायला गेल्या. स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक बायकांना परिसर भगिनी म्हणून संघटित केलं आणि खतनिर्मिती, बायोगॅस प्रकल्प चालवणं शिकवलं. इथे प्रशिक्षणानंतर बाईचं काम खरोखर बदललं, म्हणून ते प्रशिक्षण टिकलं. चेंबूरची कोरो १९८९ मध्ये साक्षरतेच्या कामातून निघाली. तिच्या फेलोशिपमध्ये कार्यकर्त्याला त्याच्या गावातून किंवा वस्तीतून उचलून वर्गात बसवत नाहीत. तो आपल्या संस्थेत, आपल्या प्रश्नावर काम करत राहतो आणि मधूनमधून शिबिरांना येतो. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बायकांना ही पद्धत परवडते.

लेबर कॅम्पला तर शिकण्याची याहून जुनी परंपरा आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक चाळीसच्या दशकात याच भागात वावरलं. संघटन कसं करायचं हे या वस्तीने पुस्तकाआधी डफावर ऐकलं होतं.

मग महाविद्यालयांचं काय? त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि तक्रारही. आदर फिल्डवर्कबद्दल. आठवड्यातले दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात किंवा बालगृहात काढायचे, प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा आणि तो शिक्षकासमोर बसून तपासून घ्यायचा, ही शिस्त दुसऱ्या कुठल्याच सामाजिक शास्त्रात नाही. माहीमच्या डेव्हिड ससून शाळेत, सायन रुग्णालयात, धारावीतल्या संस्थांत अशा विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. माटुंग्यातच रफी अहमद किडवई मार्गावर डॉ. भानुबेन महेंद्र नानावटी गृहविज्ञान महाविद्यालय आहे. गृहविज्ञानातला विस्तार शिक्षण हा विषय घरोघरच्या पोषणाशी आणि बालसंगोपनाशी थेट जोडलेला असतो.

तक्रार अशी, की ही दारं त्या सेविकेला बंद आहेत. फिल्डवर्कला येणाऱ्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनीला वस्ती दाखवते ती सेविका. कुठल्या गल्लीत कुणाशी कसं बोलायचं हे तीच शिकवते. दोन वर्षांनी विद्यार्थिनी एमएसडब्ल्यू होऊन तिची वरिष्ठ म्हणून येते. शिकवणाऱ्या बाईच्या नावे एकही क्रेडिट जमा होत नाही. महाराष्ट्रातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं उच्च शिक्षण विभागाकडे नसून सामाजिक न्याय विभागाकडे आहेत. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, आशा आरोग्याकडे, बचत गट नगरविकास आणि ग्रामविकासकडे. शिकवणारे एका खात्यात आणि शिकायला उत्सुक असलेल्या बायका दुसऱ्या चार खात्यांत, अशी ही विभागणी आहे.

शिकवणाऱ्यांची स्थितीही डळमळीत आहे. जून २०२४ च्या अखेरीस टाटा इन्स्टिट्यूटमधल्या शंभराहून अधिक अध्यापक आणि कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीची पत्रं मिळाली, कारण त्यांचे पगार एका ट्रस्टच्या अनुदानातून होत होते. दोन-तीन दिवसांत ती पत्रं मागे घेतली गेली. पण प्रकल्पाच्या पैशावरची अनिश्चितता समाजकार्याच्या देशातल्या सर्वांत जुन्या संस्थेच्या वर्गापर्यंत पोचल्याचं त्यातून सगळ्यांना दिसलं. शिवाय वकील, परिचारिका, वास्तुविशारद यांना जशी वैधानिक परिषद आहे, तशी समाजकार्यकर्त्यांना नाही. तसा कायदा करण्याचे मसुदे झाले, पण तो झाला नाही. परिषद आली म्हणजे सगळं सुधारेल असं मला वाटत नाही. केवळ पदवीधरांचीच नोंदणी करणारी परिषद आली, तर सेविकेसमोरची भिंत आणखी उंच होईल.

करण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. दहा वर्षं काम केलेल्या सेविकेला, आशाला, समुदाय संघटकाला समाजकार्याच्या पदवीत फिल्डवर्कची सूट द्यावी, तिचा अनुभव तपासून त्याचे गुण धरावेत. वर्ग संध्याकाळी किंवा शनिवारी घ्यावेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना शिकवतं आहे. त्या अनुभवाचा उपयोग करता येईल. महापालिकेने समाज विकास अधिकाऱ्यांच्या भरतीत ठरावीक जागा कंत्राटी संघटकांसाठी राखाव्यात. संस्थांनी वस्तीत काम करत राहूनच वेतन वाढेल अशी वरिष्ठ कार्यकर्तीची श्रेणी निर्माण करावी, म्हणजे बढतीसाठी वस्ती सोडावी लागणार नाही. आणि कंपन्यांच्या सीएसआर विभागांनी कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च प्रकल्पाचाच खर्च म्हणून मान्य करावा.

हे करून पाहायची संधी आत्ता समोर आहे. धारावीच्या पुनर्विकासासाठी घरोघरचं सर्वेक्षण मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. कुठल्या घराचा पोटमाळा भाड्याने दिला आहे, कुठली विधवा कागदाविना तीस वर्षं राहते, कुठल्या कारखान्यातले मजूर रात्री तिथेच झोपतात, हे तिथल्या सेविका आणि बचत गटाच्या बायकांना जितकं ठाऊक आहे तितकं कुठल्याही सल्लागार कंपनीला ठाऊक असणार नाही. पुढची कित्येक वर्षं तिथे पात्रता समजावून सांगणं, स्थलांतर, नव्या इमारतींतल्या सोसायट्या बांधणं, मुलांच्या शाळा बदलणं अशी कामं निघणार आहेत. त्यासाठी माणसं नेमली जातीलच. त्या नेमणुकीच्या पत्रातच कामाचा किमान कालावधी, भविष्य निर्वाह निधी, पदवीसाठीची रजा आणि पुढच्या पदाचं नाव लिहिलेलं असावं, असा आग्रह महापालिकेने, पुनर्विकास प्राधिकरणाने आणि सेविकांच्या संघटनांनी भरती होण्याआधी धरायला हवा.